मेजर टेलर : गर्दीच्या पुढे राहण्याची सक्ती

वर्णभेद आणि व्यावसायिक खेळ म्हटलं की आपल्याला पटकन जॅकी रॉबिन्सन आठवतो. १९४७ साली तो ब्रुकलिन डॉजर्सकडून बेसबॉल खेळायला उतरला. आज आपण त्याच्याही पन्नास वर्षं मागे जाणार आहोत, सायकल शर्यतींच्या जगात. त्या काळात अमेरिकेत या शर्यतींना प्रचंड गर्दी व्हायची आणि चांगला सायकलपटू भरपूर पैसा मिळवायचा.

मार्शल टेलर १८७८ साली इंडियानापोलिस शहरात जन्मला. वडील एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाची घोडागाडी हाकायचे. पहिली सायकल त्याला त्याच घरातून मिळाली. पुढे एका सायकलच्या दुकानासमोर तो सैनिकी गणवेश घालून कसरती करून दाखवायचा, म्हणून नाव पडलं 'मेजर'.

आता भेदभाव नेमका कसा चालायचा, ते बघा. १८९४ मध्ये 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' या राष्ट्रीय संघटनेने सभासदत्व फक्त गोऱ्यांना, असा नियमच केला. शर्यतीत उतरायला मात्र टेलरला थेट बंदी नव्हती. १८९६ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या सहा दिवसांच्या शर्यतीतून तो व्यावसायिक झाला. पण १८९७ मध्ये दक्षिणेकडच्या आयोजकांनी त्याला प्रवेश नाकारला. राष्ट्रीय अजिंक्यपद ठरायचं वर्षभरातल्या शर्यतींच्या गुणांवर. म्हणजे तिथे गुण बुडाले की अजिंक्यपदही गेलं. कुणी हरवलं नाही, तरी तो हरला!

ट्रॅकवर तर वेगळीच तऱ्हा. गोरे स्पर्धक एकजूट करून त्याला मध्ये कोंडायचे. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या टॉन्टन गावी शर्यत संपल्यावर विल्यम बेकर या स्पर्धकाने त्याचा गळा आवळला. टेलर बेशुद्ध पडला. बेकरला शिक्षा काय झाली? ५० डॉलर दंड.

इथे थोडं थांबू या. सायकल शर्यतीत शहाणपण असतं दुसऱ्याच्या मागे राहण्यात. पुढचा वारा झेलतो, मागच्याची ताकद वाचते. टेलरला मात्र मागे राहणं धोक्याचं होतं. कोंडीत सापडण्याआधी निसटायचं आणि मोकळ्या जागेत वारा स्वतः झेलायचा, हाच त्याला सुरक्षित मार्ग होता. लोक ज्याला त्याची शैली म्हणायचे, तिच्यात जीव वाचवण्याचा हिशोबही होता.

आणि तो जिंकला. १० ऑगस्ट १८९९ रोजी माँट्रियलला एक मैल स्प्रिंटमध्ये तो जगज्जेता झाला. १९०० मध्ये तो अमेरिकेचाही स्प्रिंट विजेता ठरला. १९०१ मध्ये तो युरोपात गेला. धार्मिक वृत्तीमुळे रविवारी तो सायकल चालवत नसे, आणि तिथल्या आयोजकांनी ती अट मान्य केली. पॅरिसला एदमाँ जाकलँकडून तो आधी हरला, पण अकरा दिवसांनी त्याने परतफेड केली. पुढे ऑस्ट्रेलियाचे दौरे झाले. मुलगी तिथेच जन्मली, तिचं नाव ठेवलं सिडनी.

१९१० मध्ये तो निवृत्त झाला. पैसा हळूहळू संपला. १९२८ साली त्याने स्वतःच्या खर्चाने आत्मचरित्र छापलं. १९३२ मध्ये शिकागोच्या सार्वजनिक रुग्णालयातल्या धर्मादाय विभागात तो वारला आणि खूणही नसलेल्या कबरीत पुरला गेला. १९४८ मध्ये जुन्या सायकलपटूंनी त्याचे अवशेष सन्मानाने दुसऱ्या जागी नेले. संघटनेने आपला तो जुना नियम जाहीरपणे नाकारला, तो १९९९ मध्ये.

चिकाटीच्या गोष्टी ऐकताना आपण शेवटी टाळ्या वाजवतो. टेलरसाठीही वाजवू या. पण एक हिशोब लक्षात राहू द्या. इतर स्पर्धक फक्त शर्यत खेळत होते, तर टेलर शर्यत आणि शर्यतीत टिकून राहणं, दोन्ही एकाच दमात खेळत होता. त्या दुसऱ्या खेळाचं बक्षीस त्याला कुणी दिलं नाही.