हिवतापाच्या साथींचे भाकीत : पंजाबचा दाखला व मालवण किनारा

१९०८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत पंजाबात हिवतापाने सुमारे तीन लक्ष माणसे मृत्युमुखी पडली. या अनर्थाचा शोध एस. आर. ख्रिस्तोफर्स यांनी घेतला व १९११ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मागील अनेक वर्षांचे पर्जन्यमान, तापाचे मृत्यू आणि धान्याचे भाव त्यांनी शेजारी शेजारी मांडले. अतिवृष्टी आणि महागाई एकत्र आली की साथ उग्र होते, असे त्यांस आढळले. पुढे सी. ए. गिल यांनी मुलांतील पांथरीवाढीचे प्रमाण त्यांत मिळविले आणि १९२१ च्या सुमारास पंजाबात वार्षिक भाकिते निघू लागली. हवामानावरून रोगाचा अंदाज बांधण्याच्या आद्य प्रयत्नांत त्यांची गणना होते.

या पद्धतीतील पावसाचा भाग पुढे पुष्कळ गाजला. धान्यभावाचा भाग मात्र मागे पडला. ही उपेक्षा अन्यायाची होय. शीला झुरब्रिग यांनी २०१९ च्या ग्रंथात उपासमार हीच मृत्यूच्या प्रचंड आकड्यामागील मुख्य शक्ती असल्याचे प्रतिपादन केले, तेव्हा ख्रिस्तोफर्स यांचा जुना कोष्टक-विचारच पुन्हा उजेडात आला.

पंजाबचे गणित कोकणास जसेच्या तसे लागू पडणे कठीण. तेथे एरवी कोरड्या असलेल्या भूमीवर जादा पाऊस नवी डबकी निर्माण करतो. मालवण तालुक्यातील कट्टा परिसरात पावसाची वाण कधीच नसते. उलट मुसळधार सरी ओहळांतील डासांच्या अळ्या वाहून नेतात. म्हणून येथे पावसाच्या एकूण बेरजेपेक्षा उघडिपीचे दिवस मोजणे अधिक उपयोगाचे. पंचवीस-अठ्ठावीस अंश उष्णतेत डासाच्या देहातील जंतू परिपक्व होण्यास दहाबारा दिवस लागतात. उघडीप तितकी लांबली तर धोका वाढतो.

दुसरी बाब माणसांच्या येण्याजाण्याची. मुंबईतील विहिरींत वाढणारा ॲनॉफिलीस स्टिफेन्साय हा डास तेथील हिवतापाचे कारण असल्याचे बेंटली यांनी १९११ मध्येच दाखविले होते. त्याच मुंबईतून कोकणचे चाकरमानी गणेशचतुर्थीस गावी येतात, आणि तो काळ नेमका पाऊस ओसरू लागण्याचा असतो. पूर्वी बोटीने होणारा हा प्रवास १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर एका रात्रीवर आला. पर्जन्यमापकात मात्र ही वर्दळ उमटत नाही.