तळटीप : बिनराजम्याची चिली

* चिली : टेक्सासचा गोमांसाचा रस्सा, 1977 पासून त्या राज्याचा अधिकृत पदार्थ. राजमा दिसताच निवेदक वाडगा सारतो, तो निव्वळ नखरा नव्हे. टर्लिंग्वा गावी 1967 पासून चिलीच्या स्पर्धा भरतात. राजमा तिथे नियमानेच वर्ज्य. वाळक्या आंचो मिरच्या बिया काढून कोरड्या तव्यावर शेकायच्या, गरम पाण्यात भिजवून वाटायच्या. जरा करपल्या की वाटण कडू. चरबीवर खरपूस परतलेल्या मांसात हे वाटण, जिरे, लसूण घालून मंद आचेवर दोन-तीन तास. आंचो आपल्या बेडगीसारखी, रंगाला पुढे, तिखटाला बेताची. झणका आर्बोल मिरचीचा. दाटपणासाठी शेवटी मक्याचे पीठ लावतात. टोमॅटोवरून मात्र तिथेही भांडणे आहेतच. – संपा.