रिक्रिएशनमध्ये मास्टर्स : अभ्यास विरंगुळ्याचा, हिशोब मात्र आधी



"कशात मास्टर्स करते आहे?" या प्रश्नाला कॉम्प्युटर सायन्स, फार्मसी, एमबीए ही उत्तरे आपल्या कानांना सवयीची आहेत. "रिक्रिएशन" असे उत्तर आले की पॉटलकच्या टेबलाशी क्षणभर शांतता पसरते. मग कोणीतरी काका विचारतात, "म्हणजे पीटी टीचर का?" नाही काका, पीटी टीचर नाही. आणि नुसती मजाही नाही. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, पण आमच्याच घरात हा निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा बरीच खणाखणी करावी लागली. तीच माहिती इथे एका जागी देत आहे. इथे वाढलेली मुले आणि एच-४ वर आलेल्या, भारतात बी.पी.एड. वगैरे केलेल्या मैत्रिणी या दोघांनाही ती उपयोगी पडावी. लेख अमेरिकेपुरताच आहे.

हे क्षेत्र आले कुठून

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या शहरांत कारखाने वाढले, स्थलांतरितांच्या चाळी वाढल्या आणि त्यांच्या मुलांना खेळायला रस्त्याशिवाय जागा उरली नाही. त्यातून १९०६ मध्ये 'प्लेग्राउंड असोसिएशन ऑफ अमेरिका' उभी राहिली. ल्यूथर ग्युलिक तिचे पहिले अध्यक्ष होते, आणि शिकागोत स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या जेन ॲडम्सही तिच्या उभारणीत होत्या. मैदाने झाली, पण ती चालवणारी प्रशिक्षित माणसे हवी होती. १९३७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने या विषयाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. १९६५ मध्ये पाच संघटना एकत्र येऊन 'नॅशनल रिक्रिएशन अँड पार्क असोसिएशन', म्हणजे एनआरपीए, तयार झाली. या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना आजही तीच.

शोधताना एक अडचण येते ती नावाची. नुसते 'रिक्रिएशन एज्युकेशन' असे नाव आता फार कमी ठिकाणी सापडते. क्लेम्सन आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेटमध्ये 'पार्क्स, रिक्रिएशन अँड टुरिझम मॅनेजमेंट', इलिनॉय अर्बाना-शॅम्पेनमध्ये 'रिक्रिएशन, स्पोर्ट अँड टुरिझम', युटा विद्यापीठात 'पार्क्स, रिक्रिएशन अँड टुरिझम'. काही विद्यापीठांत हा विभाग हेल्थ कॉलेजात असतो, काहींत नॅचरल रिसोर्सेसमध्ये, काहींत एज्युकेशनमध्ये. तेव्हा एकाच नावाने शोधून "आमच्या राज्यात नाहीच" असे ठरवू नका.

शिकवतात काय

साधारण ३० ते ३६ क्रेडिट्स, पूर्णवेळ दोन वर्षे. संशोधन पद्धती आणि आकडेशास्त्र सगळीकडे असते. त्याशिवाय कार्यक्रमांचे नियोजन, बजेट, सार्वजनिक जागांचे व्यवस्थापन, कायदेशीर जबाबदारी (कोणी झोपाळ्यावरून पडले तर काय, हा इथे मोठाच विषय आहे), आणि विरंगुळ्याचे समाजशास्त्र व मानसशास्त्र. शेवटी प्रबंध किंवा प्रकल्प. पुढे पीएचडी करायची असेल तर प्रबंधच घ्यावा.

हा सिद्धांताचा भाग कंटाळवाणा असेल असे मला वाटत होते, पण तोच सगळ्यात रंजक निघाला. रॉबर्ट स्टेबिन्स या समाजशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये 'सीरियस लेझर' अशी कल्पना मांडली. पोटासाठी नव्हे, तरीही वर्षानुवर्षे चिकाटीने, कौशल्य वाढवत, प्रसंगी पदरमोड करून केलेला छंद. ऑफिस सांभाळून तीन महिने बेसमेंटमध्ये नाटकाच्या तालमी करणारी आपली मंडळी म्हणजे याचे चालतेबोलते उदाहरण. दुसरी मांडणी क्रॉफर्ड, जॅक्सन आणि गॉडबी यांची, १९९१ सालची. माणूस एखाद्या उपक्रमात का येत नाही, याची ते तीन थरांत फोड करतात: मनातले अडथळे, सोबतीचे अडथळे आणि परिस्थितीचे अडथळे. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा समोरच्या सीनियर सेंटरमध्ये का जात नाहीत, हे या चौकटीत बसवून पाहा. गाडी नाही हा परिस्थितीचा अडथळा. ओळखीचे कोणी नाही हा सोबतीचा. आणि "आपल्याला काय जमणार त्यांचे ते" हा मनातला. आपण बहुतेक वेळा फक्त गाडीची सोय करतो आणि ते तरीही का जात नाहीत म्हणून चिडतो.

पुढे तीन वाटा

पहिली वाट शहरांच्या पार्क आणि रिक्रिएशन विभागांची. नोकऱ्या देशभर आहेत, पण सुरुवातीचा पगार बेताचा. कम्युनिटी सेंटर, उन्हाळी शिबिरे वगैरे ठिकाणी काम करणाऱ्या रिक्रिएशन वर्करचा मध्यम पगार वर्षाला ३५ हजार डॉलरच्या आसपास आहे. मास्टर्सचा उपयोग होतो तो सुपरवायझर आणि संचालक या पायऱ्यांवर. नॅशनल पार्क सर्व्हिसचे स्वप्न पाहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: केंद्र सरकारच्या या नोकऱ्यांना साधारणपणे अमेरिकन नागरिकत्व लागते. ग्रीन कार्डही पुरत नाही.

दुसरी वाट विद्यापीठांतल्या कॅम्पस रिक्रिएशनची, म्हणजे जिम, आंतरमहाविद्यालयीन नव्हे तर आपापसातल्या स्पर्धा, ट्रेकिंग सहली. या क्षेत्राची संघटना निर्सा. तिची सुरुवात १९५० मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या डिलार्ड विद्यापीठात, कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतून आलेल्या मोजक्या लोकांच्या बैठकीतून झाली. ही वाट आपल्या दृष्टीने महत्त्वाची का, ते व्हिसाच्या भागात येईल.

तिसरी वाट थेराप्युटिक रिक्रिएशनची, आणि माझ्या मते तीच सगळ्यात भक्कम. पक्षाघातातून सावरणारे रुग्ण, डिमेन्शिया झालेले ज्येष्ठ, अपंग मुले, मानसोपचार घेणारे लोक, यांच्यासाठी खेळ, संगीत, बागकाम, पोहणे यांचा उपचार म्हणून वापर करणारा हा व्यवसाय आहे. २०२३ मध्ये रिक्रिएशनल थेरपिस्टचा मध्यम पगार ५७ हजार डॉलरच्या घरात होता. आयटीच्या मानाने कमी, पण मागणी टिकाऊ. मेडिकेअर-मेडिकेड घेणाऱ्या नर्सिंग होम्सना रहिवाशांसाठी उपक्रम चालवणे आणि त्यावर पात्र व्यक्ती नेमणे केंद्राच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. आपल्याकडची पहिली पिढी आता त्या वयात पोचते आहे. बिंगोऐवजी भजन किंवा पत्ते हवेत, हे समजणारा माणूस तिथे असला तर किती फरक पडेल!

या वाटेसाठी नुसती पदवी पुरत नाही. एनसीटीआरसी या १९८१ पासूनच्या राष्ट्रीय मंडळाची सीटीआरएस ही मान्यता मिळवावी लागते. त्यासाठी थेराप्युटिक रिक्रिएशनचे ठरावीक कोर्सेस, शिवाय शरीररचना व शरीरक्रिया, मानसिक विकारांचे शास्त्र आणि मानवी विकास हे विषय, नंतर मान्यताप्राप्त थेरपिस्टच्या हाताखाली सलग किमान १४ आठवड्यांची, ५६० तासांची इंटर्नशिप, आणि मग परीक्षा. इंजिनिअरिंग किंवा कॉमर्सच्या पदवीधरांकडे यातले पूरक विषय नसतात. ते कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात करून घेता येतात, पण कोणता कोर्स चालेल ते आधी विचारून घ्या. उत्तर कॅरोलायना, युटा, ओक्लाहोमा, न्यू हॅम्पशायर अशा काही राज्यांत वर परवानाही लागतो. क्लेम्सन आणि फिलाडेल्फियाचे टेम्पल ही या शाखेतली माहितीची नावे.

प्रवेश

पदवी कोणत्याही शाखेची चालते. जीआरई बऱ्याच विभागांनी काढून टाकली आहे. अडतो तो भारतातल्या तीन वर्षांच्या पदवीचा प्रश्न. काही विद्यापीठे ती चालवतात, काही चालवत नाहीत. बी.ए. किंवा बी.कॉम.वर बी.पी.एड. असेल तर वर्षे भरून निघतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या, १९१४ पासूनच्या संस्थेत शिकलेल्यांनी तर हे अर्जात ठसठशीत लिहावे. इथल्या प्राध्यापकाला ते नाव माहीत नसते, म्हणून संस्थेचे काम दोन ओळींत सांगावे.

अनुभवाचा रकानाही रिकामा सोडू नका. मंडळाचा गणेशोत्सव म्हणजे चारशे लोकांचे जेवण, हॉलचे आरक्षण, विमा, स्वयंसेवकांचे वेळापत्रक आणि लहान मुलांचे कार्यक्रम. इथल्या भाषेत हे 'प्रोग्रॅम प्लॅनिंग'च आहे. आपल्याला ते काम वाटत नाही, एवढेच. किती लोक, किती बजेट, तुमची जबाबदारी काय, हे आकड्यांत लिहा.

पैसे आणि व्हिसा

खरी गाठ इथे आहे.

भारतातून कर्ज काढून एफ-१ वर फक्त या विषयासाठी यावे, असे मी कोणाला सांगणार नाही. ही पदवी सरकारच्या स्टेम यादीत नाही. त्यामुळे शिक्षणानंतर ओपीटी १२ महिन्यांचाच, आयटीवाल्यांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ नाही. शहरांचे विभाग एच-१बीसाठी क्वचितच अर्ज करतात, आणि जी नोकरी कोणत्याही पदवीवर मिळते ती 'विशेष ज्ञानाची' म्हणून सिद्ध करणे अवघड जाते. विद्यापीठांच्या एच-१बी अर्जांना मात्र वार्षिक कोट्याची, म्हणजे लॉटरीची, अट नाही. कॅम्पस रिक्रिएशनची वाट महत्त्वाची ती यासाठी.

एच-४ वर शिकता येते, पूर्णवेळसुद्धा. अनेक राज्यांत राज्यांतर्गत फीही लागू होते, हा मोठा फायदा. पण असिस्टंटशिप ही नोकरी धरली जाते. त्यात ट्यूशन माफी आणि आठवड्याला २० तासांपर्यंत कामाचे मानधन मिळते, पण वर्क परमिट नसलेल्या एच-४ ला ती घेता येत नाही. २०१५ च्या नियमानुसार, एच-१बीवरील जोडीदाराचा आय-१४० मंजूर असेल तर परमिटसाठी अर्ज करता येतो. ते नसेल तर एफ-१ वर जाण्याचा पर्याय उरतो. असिस्टंटशिप, सीपीटी आणि ओपीटीची दारे उघडतात, पण कमी फी बहुधा जाते. ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू असेल तर एफ-१ मिळणेही किचकट होते. इथे मित्राच्या सल्ल्यावर विसंबू नका, वकिलाची एक तासाची फी द्या.

इंटर्नशिपबद्दल विशेष सांगायचे म्हणजे, ती बिनपगारी असली तरी परवानगी लागणारच नाही असे धरू नका. ५६० तासांचे काम सुरू करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. एफ-१ वाल्यांनी हेही पाहावे की पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली की त्या पातळीवरचा ओपीटी जातो.

नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना यातले काहीच अडत नाही. तुमच्या इथे जन्मलेल्या मुलीला हे करायचे असेल तर प्रश्न फक्त पगाराचा आणि आवडीचा राहतो. तो तिला सोडवू द्या.

बहुतेक असिस्टंटशिप शरद ऋतूच्या सत्रापासून असतात आणि त्यांचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच मागवले जातात. कॅम्पस रिक्रिएशनच्या असिस्टंटशिपसाठी प्रवेशाच्या अर्जापेक्षा वेगळा अर्ज आणि मुलाखत असते, हे पुष्कळांच्या नजरेतून सुटते. विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला ईमेल करताना तीनच प्रश्न विचारा: गेल्या दोन वर्षांतले विद्यार्थी आज कुठे काम करतात, कितीजणांना असिस्टंटशिप मिळाली, आणि अभ्यासक्रमातून सीटीआरएस परीक्षेची पात्रता पूर्ण होते का. उत्तर गोलमोल आले तर पुढचे विद्यापीठ पाहा.