बाहुल्या परतल्या, पण मालकी कोणाची?

लहानपणी पाहिलेल्या बाहुल्या नव्या सिनेमातून परत आल्या की सारे घर आनंदाने पाहायला बसते. त्या आनंदाला आमचा विरोध नाही. पण त्या बाहुल्यांना परत आणण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो, हे तपासलेच पाहिजे. अमेरिकेतील ‘मपेट्स’चा इतिहास त्यासाठी उपयोगी आहे.

जिम हेन्सन यांनी १९५५ मध्ये आईच्या जुन्या कोटाचे कापड आणि टेबल टेनिसच्या चेंडूचे दोन अर्धे तुकडे घेऊन कर्मिट नावाची बाहुली बनवली. पुढे तोच जगप्रसिद्ध बेडूक झाला. अमेरिकन वाहिन्यांनी नकार दिल्यामुळे ‘द मपेट शो’ इंग्लंडमध्ये तयार झाला आणि १९७६ ते १९८१ या काळात गाजला. १९९० मध्ये हेन्सन वारले. त्यानंतर कागदांचा प्रवास सुरू झाला. २००० मध्ये एका जर्मन कंपनीने हेन्सन यांची कंपनी ६८ कोटी डॉलरना घेतली. २००३ मध्ये कुटुंबाने ती परत विकत घेतली आणि २००४ मध्ये मपेट्स डिझ्नीकडे गेले.

१९९९ नंतर मपेट्सचा एकही सिनेमा चित्रपटगृहात आला नव्हता. लहानपणापासून चाहता असलेला अभिनेता जेसन सीगल याने निकोलस स्टोलरसोबत पटकथा लिहिली, जेम्स बॉबिन यांनी दिग्दर्शन केले आणि २०११ मध्ये ‘द मपेट्स’ आला. त्यातल्या एका गाण्याला ऑस्करही मिळाले.

आता त्याची गोष्ट पाहा. पांगलेली मंडळी आपले जुने थिएटर वाचवण्यासाठी एकत्र येतात. थिएटरखालचे तेल एका भांडवलदाराला हवे असते. जुन्या करारानुसार एक कोटी डॉलर जमले नाहीत, तर थिएटरच काय, ‘मपेट्स’ हे नावही त्याचे होणार असते. म्हणजे नाव आणि श्रम यांची फारकत कराराने कशी होते, हे सिनेमा अचूक दाखवतो.

पण उत्तर काय देतो? पैसे जमत नाहीत. शेवटी श्रेयनामावली चालू असताना भांडवलदाराच्या डोक्यावर चेंडू आदळतो, त्याला हसू फुटते आणि तो सगळे परत देऊन टाकतो. करार मात्र तसाच राहतो, बदलते ती फक्त मालकाची मर्जी. हक्क आणि दया यांतला फरक आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

पडद्याबाहेर तर मर्जीही फिरू शकते. हेन्सन यांच्यानंतर स्टीव्ह व्हिटमायर यांनी पंचवीसहून अधिक वर्षे कर्मिटला हात आणि आवाज दिला. २०१६ मध्ये डिझ्नीने त्यांना त्या भूमिकेतून काढले. कारणांबद्दल दोन्ही बाजूंचे म्हणणे वेगळे आहे, आणि त्यात न्यायनिवाडा करणे आमचे काम नाही. पण निर्णय कोणी घ्यायचा, यावर वाद नव्हता. कर्मिट राहिला, हात बदलला.

म्हणून मित्रांनो, सिनेमा जरूर पाहा, मुलांनाही दाखवा. पण आपल्याकडे एखादी जुनी कला, शाहिरी किंवा जलसा ‘पुनरुज्जीवित’ करायला कोणी आले, तर टाळ्या वाजवण्याआधी करार मागून वाचा. त्यात कलावंताचे नाव कुठे आहे, आणि त्याचा हिस्सा किती?