बीडच्या पुढाऱ्यांचें वाचन

बीड शहराजवळील खजाना विहीर हा अर्थव्यवस्थेचा एक जुना ग्रंथच होय. मुर्तझा निजामशहाच्या काळीं, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, जहागीरदार सलाबतखानानें ती बांधविली. भूमीचा उतार ओळखून काढलेल्या कालव्यांतून तिचें पाणी उपशावांचून शेतांस मिळे.

जिल्ह्याच्या उन्नतीची योजना आंखणाऱ्या पुढाऱ्यानें ही विहीर पाहून मग १९६९ सालचें जिल्हा गॅझेटियर वाचावें. भूमि, पर्जन्य, पिकें व व्यापार यांचें वर्णन त्यांत आहे. त्यापुढें प्रा. वि. म. दांडेकर समितीचा १९८४ सालचा अहवाल घ्यावा. राज्याच्या सरासरीहून कोणता जिल्हा किती मागें राहिला, हें रस्ते, सिंचन, शिक्षण आदि बाबींत मोजून समितीनें एकंदर अनुशेष सुमारें ३,१८६ कोटी रुपये ठरविला. परंतु जिल्ह्याच्या सरासरीआड कोरडीं गांवें लपतात. म्हणून डॉ. विजय केळकर समितीचा २०१३ सालचा अहवालहि वाचणें अगत्याचें. त्यांत तालुका हें एकक धरून पाण्यास अग्रस्थान दिलें आहे.

येथील असंख्य कुटुंबें दरसाल ऊंसतोडीसाठीं गांव सोडतात. त्यांची चूल वर्षभर गांवींच पेटेल काय, ह्या एका कसोटीवर प्रत्येक योजना पारखून घ्यावी.