नाणें गेलें, खेळ राहिला

कोनामी कंपनीचे ‘स्क्रॅम्बल’ (१९८१) व ‘ग्रेडियस’ (१९८५) हे आडव्या सरकत्या देखाव्यांतील विमानयुद्धाचे खेळ मूळचे नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांतले. २०१९ सालच्या एका संग्रहानें ते घरच्या यंत्रावर आणले. ‘ग्रेडियस’मध्यें विमान फुटलें कीं मिळविलेलीं सारीं अस्त्रें जातात व मागल्या टप्प्यावरून साध्या तोफेनिशीं आरंभ करावा लागतो. हा निर्दयपणा केवळ दुकानदाराच्या गल्ल्यासाठीं, असें कित्येक म्हणतात. आम्हांस तें अर्धेंच खरें वाटतें. ‘स्क्रॅम्बल’मधील इंधन क्षणोक्षणीं उतरतें आणि जमिनीवरील टाक्या फोडूनच तें भरतें, ही युक्ति गल्ल्याहून खचित वरच्या दर्जाची! संग्रहांत मात्र पाहिजे तेथें खेळ राखून ठेवतां येतो. चित्रांत वा ध्वनींत उणें नाहीं. पण इंधनाच्या मापाकडे लागलेली नजर ढिली पडते. ती सोय टाळून खेळूं लागलों, तेव्हांच आम्हांस १९८१ चें यंत्र भेटलें.