कार्यप्रणालीच्या मर्यादा आणि पॉझिक्स मानक

युनिक्स कार्यप्रणालीच्या इतिहासात १४ ह्या आकड्याने दीर्घकाळ अधिकार गाजविला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत डिरेक्टरीतील प्रत्येक नोंद १६ बाइटांची असे. त्यांपैकी २ बाइट आयनोड क्रमांकास लागत व उरलेल्या १४ बाइटांत फाइलचे नाव बसवावे लागे. प्रोग्राम लिहिणारेही हा आकडा आपल्या प्रोग्रामांत बेधडक कोरून ठेवीत. १९८३ मध्ये बर्कली येथून ४.२ बीएसडी ही आवृत्ती निघाली. तिच्यात नावाची मर्यादा २५५ झाली, आणि अशा प्रोग्रामांचा आधारच सुटला.

आकडा बदलून प्रोग्राम पुन्हा कंपाइल करणे हा उपाय सोपा खरा, परंतु अपुरा. प्रोग्राम कंपाइल होतो एका यंत्रावर आणि चालतो दुसऱ्यावर. शिवाय एकाच यंत्राला जुन्या व नव्या अशा दोन्ही धर्तींच्या फाइल सिस्टिम जोडलेल्या असू शकतात. तेव्हा नावाची मर्यादा संबंध प्रणालीला विचारण्यात अर्थ नाही. ती त्या त्या डिरेक्टरीपुरती विचारावयास हवी. हा भेद १९८८ च्या पॉझिक्स मानकाने ओळखला, हे त्याचे मोठेच श्रेय होय. संबंध प्रणालीविषयीच्या प्रश्नांसाठी त्याने ‘सिसकॉन्फ’ हे फंक्शन ठरविले, तर विशिष्ट मार्गाविषयीच्या प्रश्नांसाठी ‘पाथकॉन्फ’. जुना १४ त्यातही टिकून राहिला, पण त्याची भूमिका उलटली: एके काळची कमाल मर्यादा आता प्रत्येक प्रणालीने द्यावयाची किमान हमी झाली.

उत्तराच्या बाबतीत मात्र मानककारांनी नको तेथे काटकसर केली. मर्यादा मुळीच नसेल तर उत्तर उणे १. प्रश्नच चुकीचा असेल तरीही उणे १! दोहोंतील फरक ‘एर्नो’ ह्या चलावरून ओळखावयाचा. चूक असल्यास त्याचे मूल्य बदलते, मर्यादा नसल्यास ते तसेच राहते. म्हणून विचारण्यापूर्वी त्यात शून्य घालून ठेवणे प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे आले. हे विसरणाऱ्यास अमर्यादपणा आणि चूक सारखीच दिसतात. मार्गाच्या कमाल लांबीसंबंधी तर ही अडचण विशेष जाणवते. ग्नू हर्ड ह्या प्रणालीने ‘पाथ मॅक्स’ हा स्थिरांक दिलेलाच नाही. तो असणारच असे गृहीत धरून अन्यत्र लिहिलेले प्रोग्राम तेथे कंपाइलसुद्धा होत नाहीत.

सिसकॉन्फने दिलेले मूल्य प्रोसेसच्या आयुष्यात बदलू नये, असाही मानकाचा नियम होता. परंतु एका वेळी उघडता येणाऱ्या फाइलींची संख्या ‘सेटआरलिमिट’ने चालू प्रोसेसमध्येच बदलता येते, तेव्हा पुढील आवृत्त्यांत ह्या एका मूल्यापुरता अपवाद करावा लागला.